सॉफ्टबॉलमधला डबल फर्स्ट बेस: पांढरा भाग कुणाचा, रंगीत भाग कुणाचा आणि कधी?

पहिल्या बेसवर जोड बेस (एक पांढरा आणि एक रंगीत चौरस जोडलेला डबल बेस) लावला की खेळाडूंना सांगितलं जातं, ‘पांढरा फील्डरचा, रंगीत रनरचा.’ हे चुकीचं नाही, पण अर्धवट आहे, आणि मैदानावरचे बहुतेक वाद उरलेल्या अर्ध्यावरून होतात. रनर बेस ओलांडून परत आली की रंगीत भाग तिच्या काही कामाचा राहत नाही. चेंडू आउटफील्डला गेला आणि पहिल्या बेसवर थ्रोच आला नाही, तर तिने पांढऱ्यावर पाय दिला तरी चालतं. फाउलच्या बाजूने, म्हणजे होम ते पहिल्या बेसच्या रेषेच्या बाहेरून, थ्रो येत असेल तर फील्डरलाही रंगीत भाग वापरता येतो.

हे सगळं कलमागून कलम पाठ करायला गेलात तर ऐन खेळात आठवणार नाही. त्यापेक्षा दोनच प्रश्न डोक्यात ठेवा. बॅटर-रनरला (बॅटिंग करून पहिल्या बेसकडे धावणाऱ्या खेळाडूला) पहिल्या बेसवर आउट करायचा प्रयत्न आत्ता चालू आहे का? आणि चेंडू कुठल्या बाजूने येतोय, फेअरच्या की फाउलच्या? जवळपास प्रत्येक निर्णय या दोन उत्तरांतून निघतो. रंगीत भाग मुळात एकाच रनरच्या एका धावेसाठी ठेवलेला आहे. ती धाव संपली की तो मैदानावर नाहीच असं समजून खेळायचं.

आधी बेस नीट पाहून घ्या

साधा बेस 15 इंच लांब आणि 15 इंच रुंद, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटरचा चौरस. डबल बेस म्हणजे असे दोन चौरस शेजारी शेजारी, एकूण 15 बाय 30 इंच. एक पांढरा, दुसरा ठळक वेगळ्या रंगाचा. तो बहुतेक ठिकाणी केशरी असतो, कुठे हिरवाही दिसतो. रंग कुठलाही असला तरी नियम तेच.

पांढरा भाग फेअर हद्दीत असतो आणि रंगीत भाग फाउल हद्दीत. फाउल लाइन स्वतः फेअरमध्ये मोजली जाते, त्यामुळे दोन्ही भागांमधली शिवण लाइनच्या बाहेरच्या कडेशी जुळली पाहिजे. बेस बसवताना सर्वांत जास्त चूक इथेच होते. अख्ख्या जोड बेसचा मध्य लाइनवर आणायचा मोह होतो, किंवा दोन्ही भाग थोडे आत सरकतात. सोपा उपाय असा: पांढरा भाग जणू एकटाच बेस आहे असं समजून तो त्याच्या जागी पक्का बसवा, रंगीत भाग त्याला बाहेरून जोडला जाईल. मग होम प्लेटच्या मागे उभं राहून लाइनवरून नजर टाका. चुन्याची रेघ पांढऱ्या भागाच्या आत शिरताना दिसली पाहिजे, रंगीत भागाला ती लागता कामा नये.

दोन्ही भागांची उंची सारखी आहे ना आणि शिवणीत फट नाही ना, हे पायाने दाबून पाहा. एक भाग वर आणि दुसरा खाली असेल तर ज्या पायांना जपण्यासाठी हा बेस आणला तेच पाय मुरगळतील.

हा बेस आलाच कशाला?

नियम समजून घ्यायचे तर त्यामागची अडचण आधी पाहावी लागते. साध्या बेसवर दोघांना एकाच वेळी त्याच 38 सेंटिमीटरवर पाय हवा असतो. फर्स्ट बेसमनची नजर चेंडूवर असते, पाय मागे बेस चाचपडत असतो. रनर पूर्ण वेगात असते आणि तिची नजर बेसवर. एकमेकींकडे कुणीच पाहत नसतं. मग फील्डरच्या घोट्यावर रनरचा स्पाइक पडतो, किंवा पाय वाचवायला म्हणून रनर ऐन वेळी पाऊल वाकडं टाकते.

दुसरी अडचण नियमातलीच आहे. होम ते फर्स्ट हे अंतर फास्टपिचमध्ये (वेगवान पिचच्या सॉफ्टबॉलमध्ये) 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. त्यातल्या शेवटच्या 30 फुटांत लाइनच्या बाहेरच्या बाजूला 3 फूट रुंदीचा पट्टा आखलेला असतो. रनर या पट्ट्याबाहेरून पळाली आणि त्यामुळे पहिल्या बेसवर थ्रो घेणाऱ्या फील्डरला अडथळा झाला, तर ती आउट. (नुसतं पट्ट्याबाहेरून पळणं हा गुन्हा नाही, अडथळा व्हावा लागतो.) आता गंमत पाहा: पळायचं फाउलच्या बाजूने, आणि बेस मात्र फेअरमध्ये. साध्या बेसवर शेवटच्या पावलाला रनरला आत वळावंच लागतं. रंगीत भाग थेट त्या पट्ट्याच्या समोर येतो, त्यामुळे सरळ पळत गेलं की बेस पायाखाली मिळतो.

पायरी 1: चेंडू फेअर की फाउल

इथे गोंधळाला फारशी जागा नाही. मारलेला चेंडू पांढऱ्या भागाला लागला किंवा त्याच्यावरून उसळून गेला तर फेअर. पांढऱ्याला न लागता फक्त रंगीत भागाला लागला किंवा फक्त त्यावरून उसळत गेला तर फाउल. शिवणीवर पडलेला चेंडू पांढऱ्यालाही लागलेला असतो, म्हणून तो फेअर. ‘बेसला लागला म्हणजे फेअर’ ही जुनी सवय असलेल्या खेळाडूंना हे आवर्जून सांगा, कारण रंगीत भागावर आपटलेल्या चेंडूमागे तिन्ही रनर धावत सुटलेले दिसतात आणि पंचाचे दोन्ही हात वर गेलेले असतात.

पायरी 2: बॅटर-रनरने पाय कुठे ठेवायचा

पहिल्या बेसवर तिच्यावर प्ले, म्हणजे तिला आउट करायचा प्रयत्न, चालू असेल, तर पहिल्या प्रयत्नात तिचा पाय रंगीत भागाला लागला पाहिजे. शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला चेंडू), पिचरसमोर बंट (बॅट नुसती टेकवून जवळच टाकलेला चेंडू), इनफील्डमध्ये हातातून सुटलेला उंच चेंडू, सगळीकडे हेच. इतकंच काय, राइट फील्डमध्ये जोरात गेलेला चेंडू राइट फील्डरने पटकन उचलून पहिल्या बेसवर फेकला, तर तोही प्लेच.

पाय शिवणीवर पडला, अर्धा पांढऱ्यावर आणि अर्धा रंगीत भागावर, तर? चालतं. नियमाचा रोख ‘फक्त पांढऱ्याला’ पाय लावणाऱ्या रनरवर आहे. रंगीत भागाला थोडा जरी स्पर्श झाला तरी तिने बेस गाठला.

फक्त पांढऱ्यावर पाय पडला तर काय होतं, हा सर्वांत जास्त चुकीचा समजला गेलेला भाग आहे. प्रेक्षकांतून लगेच ‘आउट, आउट’ सुरू होतं. पण आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नियमांत ती आपोआप आउट होत नाही. तिने बेस चुकवला असं धरलं जातं. थ्रोच्या आधी पोहोचली असेल तर पंच सेफ देतात. मग बचाव संघाने, रनर बेसवर परत यायच्या आत, अपील करायला हवं: चेंडू हातात घेऊन रनरला टॅग करायचं (त्या चेंडूसह तिला स्पर्श करायचा) किंवा बेसला पाय लावायचा, आणि कशासाठी अपील आहे ते पंचाला स्पष्ट सांगायचं. अपील झालं तर आउट. रनर बेसवर परत आली की ती संधी गेली.

याचा व्यावहारिक अर्थ दोन्ही संघांसाठी वेगवेगळा आहे. फर्स्ट बेसमनला शिकवा की चेंडू मिळाल्यावर, निर्णय सेफ आला तरी, लगेच पिचरकडे फेकून मोकळं व्हायचं नाही. रनरचा पाय कुठे पडला हे फर्स्ट बेसमनला स्वतःला क्वचितच दिसतं, ते दिसतं सेकंड बेसमनला आणि डगआउटला. त्यांनी ओरडून सांगायचं. आणि रनरला शिकवा की पाऊल चुकलंय असं वाटलं तर चेहऱ्यावर काही न दाखवता सरळ बेसवर परत यायचं. मागे वळून बेसकडे पाहत ‘अरे’ म्हणणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अपीलचं आमंत्रण.

पायरी 3: प्ले नसेल तर

बेस ऑन बॉल्स (चार चुकीच्या पिचमुळे मिळणारा बेस) मिळाला, चेंडू दोन आउटफील्डर्सच्या मधून कुंपणाकडे गेला, किंवा साधा सिंगल (एका बेसपुरता फटका) असून पहिल्या बेसवर कुणी फेकायच्या विचारातही नाही: अशा वेळी बॅटर-रनर कुठल्याही भागाला पाय लावू शकते. दुसऱ्या बेसकडे वळायचं असेल तर तिने पांढऱ्याच्याच आतल्या कोपऱ्यावर पाय द्यावा. रंगीत भागावरून वळायला गेली तर वळण मोठं होतं आणि दोन-तीन पावलं फुकट जातात.

कठीण काय ते पाहा. डावखुरी बॅटर चेंडू राइट फील्डकडे सरळ मारते. ती सिंगल समजून बाहेरून गोल वळण घेते आणि पांढऱ्या कोपऱ्याकडे येते. तेवढ्यात पुढे सरकून उभ्या असलेल्या राइट फील्डरने एका टप्प्यात चेंडू घेऊन पहिल्या बेसवर फेकला. आता प्ले आहे, आणि ही मुलगी फक्त पांढऱ्यावर पाय द्यायच्या बेतात आहे. थ्रोच्या आधी पोहोचली तरी अपीलवर जाऊ शकते, आणि बेसवर फील्डर उभी असेल तर धडकेचा प्रश्न वेगळाच. चूक तिची कमी, फर्स्ट बेस कोचची जास्त. कोचने अर्ध्या वाटेच्या आत ‘थ्रू’ किंवा ‘टर्न’ यांपैकी एक शब्द द्यायलाच हवा. ‘थ्रू’ म्हणजे रंगीत भागावरून सरळ पुढे, ‘टर्न’ म्हणजे पांढऱ्यावरून वळण. काहीच ऐकू आलं नाही तर रंगीत भाग, हा ठराव संघात पक्का असू द्या. राइट फील्डर जवळ उभी असेल तर आपली बॅटर बॅटिंगला जाण्याआधीच कोचने हे हेरून ठेवायचं असतं.

पायरी 4: एकदा पोहोचल्यावर रंगीत भाग विसरा

बेस ओलांडून पुढे पळत गेली, आता परत यायचंय. परत यायचं पांढऱ्यावर. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला नाही तर परत येताना तिला टॅग करून आउट करता येत नाही. ती डावीकडे वळली की उजवीकडे, याने फरक पडत नाही, दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न दिसला की मात्र टॅगचा धोका सुरू होतो.

त्यानंतर ती फर्स्ट बेसवरची रनर आहे आणि तिचा बेस फक्त पांढरा. उंच चेंडू झेलला गेला आणि टॅग-अप करायचं (झेलानंतर बेसवरून पुढे पळायचं) असेल तर पाय पांढऱ्यावर. लाइन ड्राइव्ह (वेगात सरळ गेलेला चेंडू) झेलला गेला आणि धावत परत यायचं असेल तरी पांढरा. कॅचरने पिक-ऑफसाठी (बेसपासून दूर असलेल्या रनरला आउट करण्यासाठी) थ्रो केला तर हात किंवा पाय पांढऱ्याला लागला पाहिजे. डाइव्ह मारून रंगीत भागाला हात लावला आणि तिथे टॅग झालं, तर ती बेसबाहेर टॅग झालेली रनर.

सगळ्यांत मूर्खपणाचा आउट मात्र उभ्याउभ्या होतो. फास्टपिचमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरचा पाय बेसला हवा. रनर आरामात रंगीत भागावर उभी राहते, बेसवरच आहोत या समजुतीत. नियमाच्या लेखी तिचा पाय बेसवर नाहीच. चेंडू सुटला तेव्हा ती वेळेआधी बेस सोडलेली ठरते आणि आउट दिली जाते. कोचिंग बॉक्समधून प्रत्येक पिचच्या आधी रनरच्या पायाकडे एक नजर टाकायची सवय लावून घ्या, बोलावंही लागत नाही, बोट दाखवलं की पुरतं.

पायरी 5: फील्डरचा पाय

सर्वसाधारण नियम सोपा: बचाव करणाऱ्याने आउट करण्यासाठी पांढरा भागच वापरायचा. इनफील्डमधून आलेला थ्रो फर्स्ट बेसमनने अगदी वेळेत झेलला, पण पाय फक्त रंगीत भागावर असेल तर फोर्स आउट (टॅग न करता बेसला पाय लावून होणारा आउट) होत नाही. वर ती रनरच्या वाटेत उभी असते. चेंडू हातात नसताना तिने रंगीत भाग अडवला आणि रनरला थांबावं किंवा वळावं लागलं, तर ते ऑब्स्ट्रक्शन (फील्डरने रनरला केलेला अडथळा).

पाय कसा ठेवायचा? पांढऱ्याच्या आतल्या बाजूच्या कडेला फक्त तळव्याचा पुढचा भाग, टाच बेसच्या बाहेर. बेसच्या मधोमध उभं राहायचं नाही. थ्रो कुठून येतोय ते दिसल्यावर दुसरा पाय चेंडूच्या दिशेने लांबवायचा. थ्रो डावी-उजवीकडे आला तर पांढऱ्याच्याच वेगळ्या कडेवर पाय सरकवायचा. पण रंगीत भागाच्या दिशेने सरकायची वेळ आली तर बेस सोडून चेंडू घ्यावा हे माझं मत. सेफ झालेली रनर परवडते, बेस सोडायला नको म्हणून वाटेत गुडघा घालणं परवडत नाही.

बंटवर खरी परीक्षा होते ती सेकंड बेसमनची. बंट पडला की फर्स्ट बेसमन पुढे धावते आणि बेस सांभाळायला सेकंड बेसमन येते. ती पळत येते, त्यामुळे वेगात बेस ओलांडून रंगीत भागाकडे जायचा धोका तिलाच जास्त. त्यात पिचर किंवा कॅचरचा थ्रो रनरच्या वाटेला जवळजवळ समांतर येतो, म्हणजे चेंडू आणि रनर एकाच चौकटीत दिसतात. तिने बेसच्या एक पाऊल आधी थांबायचं, होमकडे तोंड करायचं, डावा पाय पांढऱ्याच्या आतल्या कडेला लावायचा आणि ग्लोव्ह इनफील्डच्या बाजूला दाखवायचा. चेंडू उचलणाऱ्या खेळाडूला फेकायची जागा त्यामुळे आपोआप कळते. साध्या बेसवर या प्रसंगात धडका होतात, आणि डबल बेस असूनही होतील, जर ती थांबलीच नाही.

पायरी 6: फाउलच्या बाजूने थ्रो

अपवाद हाच, आणि तो समजला की बेस समजला. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला. फर्स्ट बेस रिकामा आहे किंवा दोन आउट झालेले आहेत, म्हणजे बॅटरला पळता येतं. चेंडू पहिल्या बेसच्या डगआउटकडे घरंगळला. कॅचर फाउल हद्दीत चेंडू उचलते. आता तिने पांढऱ्यावर उभ्या असलेल्या फर्स्ट बेसमनकडे फेकायचं तर चेंडू रनरच्या पाठीतून जायला हवा. म्हणून फाउलच्या बाजूने फोर्स आउटचा प्रयत्न असेल तर नियम मोकळीक देतो: फील्डर आणि बॅटर-रनर दोघांनाही कुठलाही भाग वापरता येतो. फर्स्ट बेसमन रंगीत भागावर सरकते, बाहेरून ग्लोव्ह दाखवते. रनर पांढऱ्याकडे जाते. दोघींनी जागांची अदलाबदल केली, इतकंच.

अशा वेळी रनर फेअर हद्दीतून पळू शकते. बाहेरून आलेला थ्रो तिला लागला तर तेवढ्यावरून इंटरफिअरन्स (रनरने बचावाला केलेला अडथळा) होत नाही, तिने मुद्दाम अडवला असेल तरच होतो. थ्रो चुकून फील्डरला ओढत फाउलकडे घेऊन गेला, तर अमेरिकेतल्या यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत तोही याच अपवादात येतो.

बाकी प्रसंगही आहेत. फेअरमध्ये पिचरला लागून चेंडू फाउलकडे वळला आणि तिथून फेकला गेला. किंवा पहिला थ्रो फर्स्ट बेसमनच्या मागे गेला, मागे आधाराला धावलेल्या खेळाडूने तो फाउलमध्ये उचलून परत फेकला आणि रनर अजून पोहोचायची आहे. तत्त्व तेच: चेंडू बाहेरून येतोय, म्हणून फील्डर बाहेर येऊ शकते.

पण हे सगळं दीड-दोन सेकंदांत घडायचं असतं. त्यासाठी हाक लागते. कॅचर आणि फर्स्ट बेसमनमध्ये ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ हे दोन शब्द ठरवून ठेवा. कोण ओरडणार हेही ठरवा. माझ्या मते फर्स्ट बेसमनने ओरडावं, कारण चेंडू, कॅचर आणि रनर असं अख्खं चित्र तिच्यासमोर असतं. कॅचर तर चेंडू शोधत मान खाली घालून धावत असते.

रनरला मात्र एक सल्ला. अपवाद आहे म्हणून फार विचार करू नका. फर्स्ट बेसमन बाहेर रंगीत भागावर उभी दिसली तर पांढऱ्यावर जा, आत पांढऱ्यावर दिसली तर रंगीत भागावर. मोकळा भाग तुमचा.

पायरी 7: धडक झाली तर दोष कुणाचा

फेअरच्या बाजूने थ्रो येतोय, फील्डर पांढऱ्यावर उभी राहून चेंडू झेलायच्या बेतात आहे, आणि रनर रंगीत भाग सोडून फक्त पांढऱ्यावर येऊन तिच्यावर आदळली. हा इंटरफिअरन्स. चेंडू डेड (खेळ थांबतो), बॅटर-रनर आउट, बाकीच्या रनर अडथळ्याच्या क्षणी ज्या बेसला शेवटचा स्पर्श केला होता तिथे परत. इथे अपीलची गरज नाही, कारण प्रश्न चुकलेल्या बेसचा राहत नाही, अडवलेल्या फील्डरचा होतो.

उलट, फील्डर चेंडूशिवाय रंगीत भागावर आली आणि तिथे धडक झाली, तर ऑब्स्ट्रक्शन. पंच डावा हात आडवा पसरतात, खेळ चालू राहतो आणि प्ले संपल्यावर रनरला अडथळा नसता तर मिळाला असता तो बेस दिला जातो. म्हणून रंगीत भागावर फील्डर आपटून पडली तर खेळ थांबला असं समजून उभं राहू नका. पळत राहा.

पंचांसाठी थोडंसं

बेस पंचाला आता एका नजरेत जास्त पाहावं लागतं: फील्डरचा पाय पांढऱ्यावर आहे का, रनरचा पाय कुठल्या भागावर पडला, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये आधी आला की पाय आधी. चेंडूचा आवाज कानाने घ्या, डोळे बेसवर ठेवा. फार जवळ गेलात तर शिवण दिसत नाही, चार पावलं मागे आणि कोनात उभं राहिलात तर दोन्ही पाय दिसतात.

रनरने फक्त पांढरा स्पर्श केला हे तुम्ही पाहिलं असेल तर चेहऱ्याने किंवा हाताने सुचवू नका. सेफ असेल तर सेफचा इशारा करा आणि थांबा. अपील करणं हे बचाव संघाचं काम. सामन्याला एकच पंच असेल तर होमजवळून शिवण दिसणार नाही, म्हणून तो पंच चेंडू मारला जाताच लाइनच्या आतल्या बाजूने जमेल तितका पुढे धावतो.

सरावात काय करायचं

जोड बेस नेहमी हाताशी नसतो, विशेषतः शाळांच्या संघांकडे. साध्या बेसला चिकटून बाहेर चुन्याने 15 इंचांचा चौरस आखा आणि आत रंग टाका. कापड किंवा सुटी चटई ठेवू नका, पाय घसरतो.

पहिला सराव फक्त पावलांचा. रनर होमवरून धावते, रंगीत भागाच्या पुढच्या कडेवर पाय टाकते आणि वेग न तोडता पुढे जाते, मग छोटी पावलं टाकत थांबते आणि थांबताना उजवीकडे एक नजर टाकते, कारण सुटलेला थ्रो बहुधा तिकडेच गेलेला असतो. बेसकडे शेवटच्या पावलापर्यंत खाली पाहत राहणाऱ्या मुली उडी मारून बेस गाठतात. उडी मारली की वेग जातो आणि पायही वाकडा पडतो. त्यांना बेसच्या पलीकडे उभं राहून बोटं दाखवा आणि किती बोटं होती ते विचारा.

दुसरा सराव निर्णयाचा. कोच अर्ध्या वाटेवर ‘थ्रू’ किंवा ‘टर्न’ म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. न बोलल्यावर रनर कुठल्या भागावर जाते ते पाहा, सामन्यात तेच होणार आहे.

तिसरा सराव कॅचर आणि फर्स्ट बेसमनचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. चेंडू होमच्या मागे वेगवेगळ्या ठिकाणी टाकत राहा: कधी तिसऱ्या बेसच्या बाजूला, कधी पहिल्याच्या. फर्स्ट बेसमनने दरवेळी ‘इनसाइड’ किंवा ‘आउटसाइड’ ओरडून योग्य भागावर जायचं. आधी रनरशिवाय, मग रनरसह. चेंडू तिसऱ्या बेसकडच्या फाउलमध्ये असेल तर थ्रो आतूनच येतो हे खेळाडूंना इथेच उमगतं. अपवाद पहिल्या बेसच्या फाउल बाजूसाठी आहे, कुठल्याही फाउल हद्दीसाठी नाही.

सामन्याआधी विचारायचे प्रश्न

डबल बेस वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशनच्या नियमांत आहे, पण तपशील सगळीकडे सारखे नसतात. स्लोपिच, लहान मुलांच्या लीग, शालेय स्पर्धा, प्रत्येकीच्या नियमपुस्तकात थोडाफार फरक सापडतो. काही ठिकाणी रनरला रंगीत भाग नेहमीच वापरावा लागतो, काही ठिकाणी फक्त प्ले असेल तर.

नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधार आणि कोच पंचांसमोर उभे असतात, तेव्हा एवढं विचारून घ्या. प्ले असताना फक्त पांढऱ्यावर पाय पडला तर तो अपील प्ले आहे की थेट आउट? फाउलच्या बाजूच्या थ्रोची मोकळीक फक्त सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकला आहे की प्रत्येक फोर्स आउटला? आणि चुकलेल्या थ्रोने फील्डर बाहेर ओढली गेली तर ती त्यात धरली जाते का? उत्तर स्कोअररच्या कानावरही घाला, आणि फर्स्ट बेस कोचला तिथेच सांगा, कारण सामन्यात पहिला वाद त्याच्याच पायाशी होणार आहे.